नडगीवरचा वण आणि कानावरचा वण

नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाची नडगी नीट पाहा. खरचटलेलं, काळंनिळं, जुन्या खपलीशेजारी नवी खपली. कपाळावर टेंगूळ. यात काळजीचं काही नाही; पोर हिंडतंय, इतकंच. पडताना हाडं वर आलेले भाग आधी आपटतात. आता त्याचा कान पाहा. पडणाऱ्या मुलाचा कान सहसा जमिनीला लागतच नाही. एकीकडून खांदा आणि दुसरीकडून कवटी त्याला सांभाळते. म्हणून चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर किंवा पोटापाठीवर वण दिसला, की जाणते डॉक्टर थबकतात. वण केवढा हे नंतर. कुठे, हे आधी.

तान्ह्या बाळांचं तर आणखी नवल. १९९९ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये निरोगी बाळांच्या अंगावरचे काळेनिळे वण मोजले गेले. चालत्या बाळांपैकी निम्म्याहून अधिकांना वण होते. सहा महिन्यांखालच्या ३६६ बाळांत? अवघ्या दोघांना. जे रांगतही नाही, ते आपटणार कुठे? त्यामुळे ‘पडला असेल’ हे उत्तर आधी बाळाच्या वयाशी ताडून पाहायचं.

त्वचेवरचे वण विरतात, हाडं मात्र नोंद ठेवतात. बाळाच्या हाडावरचं आवरण सैल असतं. हाड पिरगळलं गेलं की त्याखाली रक्त साचतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तिथे नव्या हाडाचा पातळ थर एक्स-रेवर दिसू लागतो. एकाच बाळाच्या एका हाडावर ताजा तडा आणि दुसऱ्यावर अर्धवट भरलेला असेल, तर दुखापत किमान दोनदा झाली. जॉन कॅफी या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञाने १९४६ साली अशा सहा बाळांची हकिगत छापली: कवटीखाली रक्त साकळलेलं, हातापायांची हाडं मोडलेली, आणि कारण कुणालाच सांगता येत नव्हतं. हे केलं कुणी, हा सवाल उघडपणे ऐरणीवर यायला १९६२ साल उजाडलं. बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७१ रुग्णालयांतून अशी ३०२ मुलं मोजली. खरं तर मुलांना असा मार घरच्यांच्याच हातून बसतो, हे पॅरिसच्या तार्द्यू या डॉक्टरने १८६० सालीच लिहून ठेवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. डॉक्टरही आईबापच असतात. त्यांना ते पाहवलं नसावं.

पण खूण म्हणजे निकाल नव्हे. आपल्याकडच्या कित्येक बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतो, तो मार नाही. काही मुलांची हाडं आजारानेच ठिसूळ असतात. उलट लैंगिक अत्याचाराची अंगावर बहुतेकदा खूणच राहत नाही. मग खूण वागण्यात दिसते: सुटलेली सवय परत येते, मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, एखाद्या घरी जायचं म्हटलं की त्याचं पोट दुखतं. यातल्या एकट्या कशानेही काही सिद्ध होत नाही, तरी विचारपूस व्हायलाच हवी.

विचारपूस करायला पुरावा लागत नाही. लैंगिक गुन्ह्याबाबत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ नुसती शंका आली तरी कळवायला सांगतं, आणि ते शेजाऱ्यालाही लागू आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो. शंका आली तर तपास करत बसू नका, फोन करा.