रुसणारी मोटार

मोटार कायमची बंद पडली, तर एकवेळ परवडते. कधी चालू होते, कधी होत नाही, ही मात्र खरी कटकट! गॅरेजात न्यावी, तर तिथे ती गुणी बाळासारखी पहिल्याच फटक्यात सुरू होते. वैद्य दारात आला की दुखणे पळते, त्यातलाच हा प्रकार.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. घरात हृदयविकाराने आजारी आई असली म्हणजे रात्री-अपरात्री मोटार सुरू होणे ही चैन नव्हे, जिवाचा प्रश्न असतो. गेल्या उन्हाळ्यात आमची मोटार सकाळी बिनतक्रार निघे. पण तुमसरला पोचून दहा मिनिटे थांबलो की किल्ली फिरवल्यावर नुसते 'टक्'! अर्ध्या तासाने पुन्हा सुरळीत. एका गॅरेजवाल्याने नवी बॅटरी सुचवली, दुसऱ्याने नवा स्टार्टर.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. व्याकरणात अपवादामागेही नियम असतो. तोच शोधायचे ठरवले. सौभाग्यवतींनी हिशेबाच्या वहीतले एक पान दिले. त्यावर मांडले: वेळ, इंजिन गरम की थंड, दिवे कसे, आवाज कोणता.

या नोंदींतच निदान असते. किल्ली फिरवताना दिवे अगदी मंदावले, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या सांध्यांवर. दिवे लखलखीत, पण 'टक्'सुद्धा नाही, तर स्विच किंवा त्याची तार. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी. आमच्याकडे दिवे लखलखीत आणि 'टक्' हजर. म्हणजे दोष स्टार्टरमध्ये किंवा त्याच्या जाड तारांत.

चिरंजीवांनी व्होल्टमीटर आणला. बॅटरी 12.6 व्होल्ट, उत्तम. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून किल्ली फिरवली. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा; तो तीनवर गेला! अर्थिंगच्या पट्टीखाली गंज होता. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एका ओहमचा पन्नासावा हिस्सा अडथळाही तिथे तीन व्होल्ट गिळतो. इंजिन तापले की हा सैल सांधा आणखी बिघडे. पॉलिशपेपरने घासून बोल्ट आवळला. खर्च जवळजवळ शून्य. त्यानंतर आईला दोनदा रात्री नागपूरला नेले, मोटार रुसली नाही.

आमचे गाव पितळेच्या भांड्यांचे. पितळेला चिंच लागते. बॅटरीच्या टोकांवरच्या पांढऱ्या-हिरव्या थराला मात्र खायच्या सोड्याचे पाणी, कारण तिथे मुळातच आम्ल असते. यंदा दिवाळीची भांडी घासताना हे सांधेही घासून घ्या; ऋण टोक आधी सोडवायचे, तेवढे विसरू नका!