पिल्लांची राखण

'वुल्फक्वेस्ट' या कॉम्प्युटर गेममध्ये पिल्लं होईपर्यंत काळजी असते ती एकाच जिवाची. लांडगा किंवा लांडगी यांपैकी एक निवडायचं (मी नेहमी लांडगीच निवडते) आणि अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात हिंडायला लागायचं. एल्क हरणांच्या कळपातलं थकलेलं जनावर हेरायचं, जोडीदार मिळवायचा, लाथ बसली तर बाजूला जाऊन पडून राहायचं, शिकार साधली नाही तर दुसऱ्याने टाकलेल्या सांगाड्यावर भागवायचं. मग बर्फ वितळतो, बीळ निवडायची वेळ येते आणि एके दिवशी त्या बिळाच्या तोंडाशी गडद लोकरीची चार-पाच पिल्लं धडपडत बाहेर येतात. पडद्याच्या कडेला प्रत्येकाची भूक दाखवणारी पट्टी दिसू लागते. तिथून पुढे आपली जखम, आपली झोप, आपलं पोट या सगळ्या गोष्टी मागे पडतात.

पिल्लांना नावं देता येतात. आमच्याकडे ते काम माझ्या भाचीचं. ती शेजारी बसते आणि माझ्या आधी तिचं लक्ष जातं. "मावशी, तो काळा परत लांब गेला बघ!" दोन माणसांचे चार डोळे लागलेले असूनही पिल्लू हरवतं, यावरून या कामाचा अंदाज यावा. शिकारीचा थरार असलेले गेम पुष्कळ आहेत. पण राखण म्हणजे नक्की काय करायचं असतं, हे इतक्या बारकाईने दाखवणारा दुसरा गेम माझ्या पाहण्यात नाही.

हा बारकावा आला तो गेम करणाऱ्यांमुळे. मिनेसोटा प्राणिसंग्रहालय आणि एज्युवेब नावाची शैक्षणिक गेम करणारी संस्था यांनी मिळून २००७ साली 'वुल्फक्वेस्ट' काढला. त्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने पैसा दिला होता. मुलांना लांडग्याचं जीवशास्त्र शिकवावं, एवढाच मूळ हेतू. २०१९ पासून त्याची पूर्णपणे नव्याने बांधलेली आवृत्ती मिळू लागली; मी खेळते ती हीच. यात लांडग्याला जादूची ताकद नाही. यलोस्टोनमध्ये संशोधकांनी वर्षानुवर्षं दुर्बिणी लावून जे टिपलं, त्यातूनच खेळाचे बरेचसे नियम आलेले आहेत.

पिल्लांवर टपलेले बरेच असतात. गरुड वरून येतो. त्याला उतरायला मोकळी जागा आणि बिळापासून भरकटलेलं एखादं लहान पिल्लू एवढंच पुरतं. तो दिसण्याआधी ऐकू येतो, म्हणून मी हेडफोनशिवाय हा गेम खेळत नाही. ओरडणं कानावर आलं की पिल्लांना बिळात घालायचं. जे आत जायला तयार नसेल त्याला तोंडात धरून नेऊन ठेवायचं.

कोयोटी हे वेगळंच प्रकरण आहे. आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड आणि लांडग्यापेक्षा बराच लहान असा हा प्राणी अंगावर आला तर लांडगीपुढे टिकणार नाही. हे त्यालाही ठाऊक असतं, त्यामुळे तो अंगावर येतच नाही. तो घोटाळतो. समोरून दिसतो, आपण धावलो की मागे सरतो, थोडं थांबून पुन्हा दिसतो. नवख्या खेळाडूला वाटतं की याला एकदाचं संपवावं. पण पाठलाग करत उतार ओलांडला की बीळ नजरेआड होतं, आणि कोयोटीला हवं असतं तेवढंच. त्याच्याशी वागायची एकच रीत आहे: ठरावीक अंतरापर्यंत हाकलायचं, वळायचं, परत यायचं, पिल्लं मोजायची. परत आला तर परत हाकलायचं. यात जिंकल्याचा आनंद मिळत नाही. भाचीला सुरुवातीला याचाच राग यायचा. आता ती स्वतःच सांगते, "पुरे, मावशी, मागे फिर."

अस्वल मात्र घोटाळत बसत नाही, ते सरळ चालून येतं. ग्रिझली अस्वलाला एकटा लांडगा मारू शकत नाही, आणि मारायचंही नसतं. मागून चावा घ्यायचा, ते वळलं की दूर सरायचं, पुन्हा मागून जायचं, असं करत त्याला इतकं वैतागून सोडायचं की या वाटेने जाणं त्याला नकोसं व्हावं. त्याचा एक फटकाही फार महागात पडतो. इथे जोडीदाराची खरी किंमत कळते, कारण अस्वलाला तोंड एकच असतं आणि ते दोन दिशांना वळवता येत नाही.

पण अस्वल बिळापाशी आलं कसं? बहुतेक वेळा उत्तर आपल्याच शिकारीत असतं. एल्क बिळाच्या जवळ पडलं की बरं वाटतं. पळापळ वाचली, पिल्लांना लवकर खाऊ घालता येईल. पण एवढं मोठं धूड पडलं की दूरदूरचे खाणारे तिकडे वळतात, आणि त्यांच्या वाटेत आपलं बीळ असतं. म्हणून शिकार लांब करावी. पण शिकार लांब करायची म्हणजे पिल्लांना तितका वेळ सोडून राहायचं. या गेममधली अवघड गोष्ट ही आहे. शत्रूंपैकी एकही मला इतका छळत नाही.

लांडगे पिल्लांसाठी मांस पोटातून आणतात. शिकारीवर भरपेट खायचं, मैलोगणती चालत यायचं, पिल्लं तोंड चाटू लागली की ओकून त्यांच्यापुढे टाकायचं. गेममध्येही हेच करावं लागतं. पिल्लं पाच असतील तर एका खेपेत सगळ्यांची पोटं भरत नाहीत. धटिंगण पिल्लू पुढे घुसून खातं आणि किरकोळ पिल्लाची पट्टी खालीच राहते. मग पुन्हा निघायचं. जोडीदार घरी थांबला तर एकटीने शिकार करावी लागते आणि एल्कची लाथ जीवघेणी असते. तो बरोबर आला तर शिकार होते, पण बीळ उघडं पडतं. दोन्ही वेळी मनात पिल्लंच असतात.

हा पेच गेम रंगवण्यासाठी कुणी रचलेला नाही. यलोस्टोनमधले लांडगे माणसाने १९२० च्या दशकात संपवले होते. १९९५ साली कॅनडातून चौदा लांडगे आणून ते पुन्हा वसवायला सुरुवात झाली. त्यातली नऊ क्रमांकाची मादी आणि दहा क्रमांकाचा नर यांची जोडी जमली आणि दोघं उद्यानाच्या हद्दीबाहेर, मोंटाना राज्यातल्या रेड लॉज गावाकडे गेली. तिथे दहा क्रमांकाला कुणीतरी बेकायदा गोळी घातली. त्याच सुमारास नऊ क्रमांकाला आठ पिल्लं झाली. एकट्या आईने शिकारीला जायचं की पिल्लांजवळ थांबायचं? अधिकाऱ्यांनी आईला आणि आठही पिल्लांना पकडून उद्यानातल्या कुंपणात परत आणलं आणि काही महिने तिथेच खाऊ घातलं. पुढे आठ क्रमांकाचा एक तरुण नर तिला येऊन मिळाला आणि त्याने ती परकी पिल्लं आपली म्हणून वाढवली. त्यांतलंच एक पिल्लू पुढे एकवीस क्रमांकाचा नर म्हणून यलोस्टोनभर नावाजलं गेलं. गेममध्ये जोडीदार मरतो तेव्हा मला ही नऊ क्रमांकाची मादी आठवते. तिच्या मदतीला माणसं आली. गेममध्ये तशी मदत येत नाही.

आता सगळ्यांत मोठ्या शत्रूबद्दल. तो म्हणजे परके लांडगे. अस्वल निघून जातं, गरुड उडून जातो, पण परक्या टोळीला आपली जागा हवी असते आणि आपली पिल्लं ही त्यांच्या दृष्टीने उद्याची स्पर्धा असते. गेममधला हा भाग ज्या स्लू क्रीक नावाच्या ओढ्याच्या परिसरात घडतो, तिथेच २००६ च्या वसंतात असा प्रसंग घडला. एका परक्या टोळीने स्लू क्रीकच्या टोळीच्या बिळाला वेढा घातला. आतल्या माद्या बाहेर पडू शकेनात, बाहेरच्यांना अन्न घेऊन आत जाता येईना. वेढा कित्येक दिवस चालला. त्या वर्षी त्या बिळातलं एकही पिल्लू वाचलं नाही.

गेम खेळताना हे ठाऊक असलं की हद्दीच्या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. नकाशावर आपला मुलूख षटकोनी तुकड्यांत दिसतो. प्रत्येक तुकड्यात जाऊन मूत्राची खूण करायची, आरोळी द्यायची. वासाची नजर चालू केली की पडद्यावरचे रंग जातात आणि वास तेवढे रंगीत दिसतात: इथून एल्क गेलं, इथे परका लांडगा थांबला होता. आपल्या खुणा दिवसागणिक फिक्या पडतात, म्हणून ते काम अंगणातल्या सडा-रांगोळीसारखं पुन्हा पुन्हा, न कंटाळता करावं लागतं. नवे खेळाडू इथेच कंटाळतात. त्यांना बिळाच्या तोंडाशी उभं राहून लढायचं असतं. पण परके लांडगे बिळाशी आले याचा अर्थ राखणीची खरी फळी केव्हाच फुटली आहे. पिल्लं वाचतात ती डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, जिथून ती दिसतही नाहीत, तिथे वेळेवर ठेवलेल्या वासाने. दात हे अगदी शेवटचं साधन, आणि ते वापरावं लागलं तर काहीतरी गमावूनच परतायची तयारी हवी. बाहेरून पाहणाऱ्याला आपली जोडी नुसती भटकते आहे असं वाटेल, पण राखण चालते ती त्या भटकण्यातच.

एवढं करूनही पिल्लं मरतात. आजाराने मरतात, भरकटून मरतात, कधी आपण अस्वलाशी झुंजत असताना दुसऱ्या बाजूने कोयोटी येऊन जातो. हा गेम त्याबद्दल दिलासा देत नाही, आणि हेच त्याचं मोठेपण आहे असं माझं मत आहे. खऱ्या यलोस्टोनमध्ये २००५ साली कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाच्या साथीत निम्म्याहून अधिक पिल्लं दगावली. तिथे कुठल्याच आईच्या दातांचा उपयोग नव्हता. लहान मुलांच्या गेममध्ये हे ठेवायला धैर्य लागतं. गेममध्ये पिल्लू मेलं तेव्हा भाची रडली होती. मी गेम बंद करू का विचारलं, तर तिने उरलेली पिल्लं मोजायला सांगितली.

पिल्लांच्या राखणीचा आणखी एक गेम आहे: स्टॉकहोमच्या 'माइट अँड डिलाइट' या कंपनीचा 'शेल्टर'. तो २०१३ साली आला. त्यात आपण बिळात राहणाऱ्या बॅजर नावाच्या प्राण्याची आई असतो आणि मागे पाच पिल्लं चालत असतात. भुकेलं पिल्लू फिकट होत जातं. वर गरुडाची सावली फिरते, आणि या आईला गरुडाशी लढताच येत नाही. उंच गवतापासून उंच गवतापर्यंत पिल्लांना घेऊन धावायचं, एवढंच हातात. देखणा, हळवा गेम आहे. पण त्यातली आई सतत वाटेवर असते, मुलूख सांभाळत नाही. म्हणून माझा जीव वुल्फक्वेस्टमध्येच जास्त रमतो.

वुल्फक्वेस्टमध्ये एक मोठी उणीव मात्र मला सलते. बिळावर चालून येणाऱ्यांत माणूस नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या आतली गोष्ट म्हणून ते चालून जातं. पण लांडगा हा आपलाही प्राणी आहे. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळरानांवर तो आजही पिल्लं वाढवतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर त्याचा अभ्यासही झालेला आहे. आपल्याकडची मादी हिवाळ्यात विते, म्हणजे सुगीच्या दिवसांत, जेव्हा माळावर माणसांचा आणि मेंढरांचा वावर भरपूर असतो. इथे ना ग्रिझली आहे, ना कोयोटी. इथल्या पिल्लांवर येतात ते बिळाच्या तोंडाशी धूर करणारे, पिल्लं उचलून नेणारे लोक, मोकाट कुत्र्यांच्या झुंडी आणि त्या कुत्र्यांकडून येणारा तोच डिस्टेंपर. मेंढरू गेल्यावर धनगराच्या मनात येणारा संताप खरा आहे. त्याच्या मेंढराची भरपाई वेळेवर आणि पूर्ण मिळाली पाहिजे, हे मी आधी म्हणेन. पण बीळ उकरून तो प्रश्न सुटत नाही. आणि वासाची खूण ठेवून माणसाला अडवता येईल, अशी सोय लांडगीकडे नाही.

म्हणून एक विनंती. हिवाळ्यात माळावर, नाल्याच्या काठाशी किंवा झुडपाखाली बीळ दिसलं, आत पिल्लं हलताना दिसली, तर जवळ जाऊ नका, फोटोसाठी थांबू नका, जागा कुठे आहे ते मोबाइलवर पसरवू नका. आई शिकारीला गेलेली असते, पिल्लं टाकलेली नसतात. कुत्रं बरोबर असेल तर त्याला बांधून मागे फिरा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा.