लेक बाळंतपणाला येण्याआधी ठरवायच्या दोन गोष्टी

बडोद्यातल्या आपल्या बऱ्याच कुटुंबांत पहिल्या बाळंतपणाला मुलगी अजूनही माहेरी येते. डिंकाचे लाडू, दुपटी, बाळंतविडा यांची तयारी आपण आधीपासून करतो. मात्र कळांवरचा उपाय आणि बाळाचे पहिले दूध या दोन गोष्टी ऐनवेळेवर राहतात. ऐन कळांत मुलगी नीट बोलू शकत नाही आणि निर्णय बाहेर बसलेली आपण मंडळी घेतो. म्हणून आठव्या महिन्यातच डॉक्टरांपुढे हे विषय काढावेत. बोलणे मुलीने करावे, आपण ऐकावे.

कळा सुसह्य करण्याचे साधे उपाय म्हणजे चालणे, कूस बदलणे, कमरेला शेक आणि जवळ विश्वासाचे माणूस. सोबतीला कोणाला आत येऊ देतात, हे आधीच विचारावे. काही रुग्णालयांत नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू निम्मे-निम्मे असलेला वायू मास्कने घेता येतो. पेथिडिनसारख्या इंजेक्शनने गुंगी येते. ते प्रसूतीच्या अगदी आधी दिले, तर बाळही झोपाळू राहून दूध ओढायला उशीर करू शकते. सर्वांत परिणामकारक उपाय एपिड्यूरलचा. त्यात भूलतज्ज्ञ कमरेत बारीक नळी बसवून औषध देतात. आई जागी असते. रक्तदाब उतरू शकतो, जोर देण्याचा काळ लांबू शकतो, म्हणून सतत लक्ष ठेवावे लागते. त्याने सिझेरियनची शक्यता वाढते किंवा कंबर कायमची दुखते, ही भीती मात्र खरी नाही. रात्री भूलतज्ज्ञ मिळतील का, खर्च वेगळा किती आणि विम्यात बसतो का, हे लेखी विचारून घ्यावे.

‘आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?’ असे आपण ज्येष्ठ सहज बोलून जातो. वेदना सोसणे ही परीक्षा नव्हे. मुलीने उपाय मागितला, तर तो तिचा हक्क आहे. नको म्हणाली, तर तोही.

आता दुधाविषयी. जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला छातीशी घ्यावे. आई शुद्धीवर असेल, तर सिझेरियननंतरही हे बहुधा जमते. सुरुवातीचा पिवळसर चीक थोडाच असतो, पण बाळाला तेवढाच पुरतो आणि रोगांपासून संरक्षण देतो. तो पिळून टाकू नये. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते. तोवर ‘दूधच आलं नाही’ म्हणून डबा आणायची घाई करू नये. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजले की दूध वाढते.

आपल्याकडे सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात, इथे गुजरातेत गळथूथी देतात. दोन्ही टाळावे. मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. हौसच असेल, तर तो मध बाळाच्या आईला चाटवावा! सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. औषध लागलेच, तर डॉक्टर सांगतील तेवढेच.

बाळ पिण्यासाठी उठत नसेल, लघवी कमी होत असेल किंवा अंग पिवळे दिसू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे. ठरलेल्या सर्व गोष्टी एका कागदावर लिहून रुग्णालयाच्या फाइलमध्ये ठेवाव्यात आणि त्याची एक प्रत जावईबापूंकडेही द्यावी.