हृदयाचा बिघडलेला ताल : अधिक उपचार म्हणजे अधिक गुण काय ?

प्रकृती हे व्यापाऱ्याचे पहिले भांडवल होय, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु वर्षाकाठी दुकानातील मालाची मोजदाद करणारा मनुष्य या भांडवलाची मोजदाद क्वचितच करतो. पेढीवर बसण्यात आणि उधारीच्या चिंतेत वर्षे निघून जातात. साठी उलटल्यावर एके दिवशी जिना चढताना छातीत धडधड होते, दम लागतो, आणि नाडी पाहून डॉक्टर सांगतात की हृदयाचा ताल बिघडला आहे. औषधे लागू पडेनाशी झाली म्हणजे ‘ॲब्लेशन करून घ्या’ असा सल्ला मिळतो. त्यातही कोणी एक पद्धत सुचवितो, कोणी दुसरी. आणि घरातील मंडळी गोंधळून जातात. तो गोंधळ थोडा तरी दूर व्हावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विकाराचे स्वरूप

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांस अलिंद म्हणतात. निरोगी अवस्थेत उजव्या अलिंदातील एका ठरावीक जागेतून विजेचा संदेश निघतो आणि सारे हृदय त्याच्या तालावर चालते. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात अलिंदांमध्ये अनेक संदेश एकाच वेळी सैरावैरा धावू लागतात. मग अलिंदे नीट आकुंचन न पावता नुसती थरथरत राहतात. तेथे साचलेल्या रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी झालेल्या दीर्घकालीन पाहणीत, या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो असे दिसून आले. यावरून हा केवळ धडधडीचा प्रश्न नव्हे, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

विकार मधूनमधून येऊन आपोआप थांबत असेल तर तो सौम्य प्रकार. सात दिवसांहून अधिक काळ टिकून राहिला तर तो टिकाऊ प्रकार होय. या दुसऱ्या प्रकारातच उपचारांविषयी खरा मतभेद आहे.

मतभेदाचे मूळ

१९८७ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. जेम्स कॉक्स यांनी छाती उघडून अलिंदांवर छेदांचा जणू चक्रव्यूह रचला, जेणेकरून भरकटलेल्या संदेशांस वाट मिळू नये. उपचार गुणकारी होता, पण शस्त्रक्रिया फार मोठी होती. पुढे १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल हैसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकार सुरू करणारी जी ६९ स्थाने त्यांस आढळली, त्यांपैकी ९४ टक्के स्थाने फुप्फुसांकडून हृदयात रक्त आणणाऱ्या नीलांमध्ये होती. तेव्हापासून मांडीतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन या नीलांच्या मुखांभोवती ऊतीचे कडे निकामी करावे, म्हणजे तेथील संदेश अलिंदात पोहोचत नाहीत, अशी रीत रूढ झाली.

परंतु बोर्दोचे रुग्ण मुख्यत्वे येऊन-जाऊन होणाऱ्या प्रकाराचे होते. टिकाऊ प्रकारात अलिंद मोठे झालेले असते, जागोजागी तंतुमय झालेले असते. साहजिकच डॉक्टरांस वाटले की नुसत्या नीला अलग करून भागणार नाही. कोणी अलिंदात आडव्या-उभ्या रेषा ओढल्या; कोणी जेथे जेथे विजेची गुंतागुंत दिसली तेथे तेथे डाग दिले; कोणी अलिंदाची मागची भिंतच अलग केली.

हिशेब काय सांगतो ?

तर्क पटण्याजोगा होता. तथापि तर्क निराळा आणि जमाखर्च निराळा. २०१५ साली ‘स्टार ए. एफ. दोन’ या नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत टिकाऊ प्रकारच्या ५८९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट केले होते. अठरा महिन्यांनंतर, नुसत्या नीला अलग केलेल्यांपैकी ५९ टक्के विकारमुक्त होते. गुंतागुंतीच्या जागांवरही डाग दिलेल्यांपैकी ४९ टक्के. आणि रेषाही ओढलेल्यांपैकी ४६ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे अंतर निर्णायक नव्हते. पण जादा कामाचा काडीमात्र लाभ दिसला नाही, आणि वेळ मात्र अधिक लागला.

मागच्या भिंतीचाही निकाल असाच लागला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅपला’ चाचणीत ३३८ रुग्ण होते. एका वर्षानंतर भिंत अलग केलेल्यांत ५२.४ टक्के, तर न केलेल्यांत ५३.६ टक्के विकारमुक्त राहिले.

मात्र सर्वच जादा उपचार व्यर्थ ठरले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्शलची शीर नावाच्या एका लहानशा शिरेत अल्कोहोल सोडण्याची पद्धत आहे. २०२० सालच्या ‘व्हीनस’ चाचणीत तिच्या जोडीने ४९.२ टक्के आणि तिच्याविना ३८ टक्के रुग्ण विकारमुक्त राहिले. चीनमध्ये ४९८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली जाहीर झालेल्या चाचणीत ही शीर व रेषा यांच्या जोडीने ७०.७ टक्के, तर केवळ नीला अलग करून ६१.५ टक्के असे प्रमाण आले. येथे लाभ दिसतो. पण हे काम कौशल्याचे आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या चाचण्यांत अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ ताल पुन्हा बिघडल्याची नोंद झाली की तो रुग्ण अपयशात मांडला जातो. त्यामुळे अपयशाच्या रकान्यात गेलेल्या कित्येकांचा त्रास प्रत्यक्षात पुष्कळ कमी झालेला असतो.

हत्यार आणि आराखडा

वाचकांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. डाग कोठे द्यावा हा आराखडा. तो कशाने द्यावा हे हत्यार. उष्णतेने डाग देता येतो, अतिशीत फुग्याने देता येतो, आणि अलीकडे विजेच्या अतिसूक्ष्म काळाच्या झटक्यांनीही देता येतो. या तिसऱ्या हत्यारास अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये प्रथम मान्यता मिळाली. त्याने काम लवकर होते आणि शेजारच्या अन्ननलिकेस इजा होण्याचा संभव कमी असतो. तरीही त्याच्या एका प्रमुख अभ्यासात वर्षाअखेरीस टिकाऊ प्रकारात यशाचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपासच राहिले. हत्यार नवे म्हणून निकाल दुप्पट, असे नव्हे.

कुटुंबाने काय विचारावे ?

आमची नम्र सूचना अशी की, डॉक्टरांस तीन गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. पहिल्या खेपेस केवळ नीला अलग करणार की आणखी काही ? आणखी काही, तर या विशिष्ट रुग्णास ते कशासाठी ? आणि अशी किती कामे आपल्या हातून झाली आहेत ? चांगल्या डॉक्टरांस या प्रश्नांचा राग येत नाही.

दुसरे, ताल सुधारला म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध आपल्या मनाने बंद करू नये. ते वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरते. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्या देशात अद्याप पुष्कळ आहेत. त्यांचे खाते अगदी वेगळे मानावे.

तिसरे, वजन उतरविणे, रक्तदाब ताब्यात ठेवणे, मद्य वर्ज्य करणे आणि घोरणाऱ्याने झोपेतील श्वासाची तपासणी करून घेणे. ऑस्ट्रेलियातील २०१५ सालच्या अभ्यासात, दहा टक्के वा अधिक वजन उतरवून ते टिकविणारांस विकारमुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट आढळली. यास ना नळी लागते, ना मोठा खर्च.

अधिक माल भरला म्हणजे अधिक नफा होतोच असे नाही, हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. हृदयाच्या बाबतीतही तोच विवेक उपयोगी पडेल. सर्व सभासद बंधुभगिनींस उत्तम आरोग्य लाभो, हीच सदिच्छा.