हात कुणाचा, हुकूम कुणाचा?

मेंदूचा शोध : लेखांक ९

निर्णय घेताना मेंदूचा पुढचा भाग काय करतो, ते आपण गेल्या आठवड्यात पाहिले. त्यातून उभा राहणारा प्रश्न आज घेऊ. निर्णय मेंदू घेत असेल, तर तो 'मी' घेतला असे म्हणण्यात काही अर्थ उरतो का? कॅनडाचे लेखक आर. स्कॉट बॅकर यांच्या २००८ सालच्या 'न्यूरोपॅथ' या थरारकादंबरीने याचे फार भेसूर उत्तर दिले आहे. तिच्यातला नील हा मेंदूशल्यविशारद माणसांना पळवून नेतो, त्यांच्या मेंदूत ढवळाढवळ करतो आणि त्यांच्या इच्छा-भावना हव्या तशा वळवून दाखवतो. आपण ज्याला इच्छास्वातंत्र्य म्हणतो तो निव्वळ भास आहे, हे त्याला थॉमस बायबल या मानसशास्त्रज्ञ मित्राच्या गळी उतरवायचे आहे. कादंबरी अस्वस्थ करते, कारण तिच्यातले विज्ञान सगळेच कपोलकल्पित नाही. तिचा निष्कर्ष मात्र पुराव्यावर टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी नीलची बाजू पाहू. मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वायल्डर पेनफिल्ड अपस्माराच्या रुग्णांवर ते जागे असतानाच शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या हालचालीशी निगडित पट्ट्याला त्यांनी सौम्य वीजप्रवाह दिला की रुग्णाचा हात हलायचा. विचारल्यावर रुग्ण सांगायचा, हे मी केले नाही, डॉक्टर, तुम्ही केलेत. इथवर 'मी' शाबूत आहे. पण २००९ साली फ्रेंच संशोधकांनी 'सायन्स'मध्ये जे प्रसिद्ध केले, ते याहून खोल जाते. मेंदूच्या पार्श्विक भागाला चेतना दिल्यावर रुग्णांना हात किंवा ओठ हलवण्याची इच्छाच होऊ लागली. प्रवाह वाढवला तेव्हा तर स्नायू जागचा हलला नसतानाही आपण हालचाल केली, असे त्यांना वाटले. म्हणजे 'हे मी ठरवले' ही जाणीव बाहेरूनही निर्माण करता येते. स्वातंत्र्याचा पुरावा म्हणून केवळ या जाणिवेकडे बोट दाखवणे आता पुरेसे नाही, हे मान्य करायलाच हवे.

नीलसारख्यांचा हुकमी पुरावा म्हणजे बेंजामिन लिबेट यांचा १९८३ सालचा प्रयोग. सहभागी व्यक्तीने मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचे आणि इच्छा झाली त्या क्षणी समोर गोल फिरणारा ठिपका कुठे होता, ते सांगायचे. इच्छेची जाणीव हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी होत होती, पण तयारीची विद्युतलहर सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेली असे. मेंदूने आधी ठरवले, माणसाला मागून कळले, असा अर्थ अनेकांनी काढला. २०१२ साली एरन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी त्याला वेगळे स्पष्टीकरण दिले. मेंदूतली विद्युतक्रिया सतत वरखाली होत असते आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली की हालचाल घडते. हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत सरासरी काढली, की हेच चढउतार संथ चढणाऱ्या लहरीसारखे दिसतात. त्यामुळे लहरीची सुरुवात म्हणजे निर्णयाचा क्षण, असे धरता येत नाही. २०१९ च्या एका प्रयोगात, कोणत्या सेवाभावी संस्थेला १००० डॉलरची देणगी द्यायची, असा विचारपूर्वक करायचा निर्णय समोर ठेवला, तेव्हा ही लहर जवळपास दिसलीच नाही. मनगट हलवण्यावरून आयुष्यातल्या निर्णयांचा निवाडा करणे म्हणूनच घाईचे आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. लहर असो वा नसो, विचारसुद्धा मेंदूच करतो. तो मेंदू अनुवंश आणि संगोपन यांतून घडतो आणि त्यांपैकी काहीही आपण निवडलेले नसते. हे खरे आहे. पण कारणांच्या साखळीबाहेर उभे राहणे हा स्वातंत्र्याचा अर्थ घेतला, तर ते कुणालाच मिळणार नाही आणि कुणाला त्याचा उपयोगही नाही. थांबणे, पर्याय तोलणे, समजावले तर मत बदलणे, ही क्षमता म्हणजे स्वातंत्र्य. ती कमीअधिक असते, आजाराने हिरावली जाते, सवयीने वाढते. नील जे उद्ध्वस्त करतो ती हीच क्षमता. पाय मोडलेल्या माणसाला चालता येत नाही, म्हणून माणसे कधी चालतच नव्हती असे ठरत नाही.

हा वाद न्यायालयापर्यंत पोहोचतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रकरणात चाळिशीतल्या शिक्षकाला लहान मुलांविषयी लैंगिक आकर्षण वाटू लागले. त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ सापडली. ती काढल्यावर विकृती ओसरली आणि गाठ परत वाढली तेव्हा विकृतीही परतली. आपण करतो ते चूक आहे, हे त्याला कळत होते, आवरणे मात्र जमत नव्हते. भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेचे कलम ८४, मनोरुग्ण आरोपीबाबत एवढेच विचारते की कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक अथवा बेकायदा असल्याचे त्याला कळत होते का. स्वतःला आवरण्याची क्षमता त्याच्यात होती का, हा प्रश्न त्यात नाही. मेंदूविज्ञानाने जबाबदारीची कल्पना मोडीत काढलेली नाही. कळणे आणि आवरणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, हे मात्र त्याने दाखवून दिले आहे. आपल्या कायद्याने आता दुसऱ्या क्षमतेचीही दखल घ्यायला हवी.