ख्रिस्ती श्रद्धा आणि शोकाचा प्रामाणिकपणा : ‘स्मृतिचित्रे’ व ‘ख्रिस्तायन’ यांच्या संदर्भात

मराठी ख्रिस्ती साहित्याविषयी एक गृहीत रूढ झालेले दिसते. ज्याचा पुनरुत्थानावर विश्वास आहे त्याचे दुःख सौम्य असावयाचे, आणि त्याच्या लेखनातील शोक सांत्वनात विरघळून जावयाचा, असे ते गृहीत होय. केवळ वाङ्मयचर्चेतच नव्हे, तर प्रत्यक्ष व्यवहारातही त्याचा त्रास होतो. मृत्यू घडलेल्या घरी ‘देवाची इच्छा’ एवढे म्हणून रडणाऱ्यास गप्प केले जाते आणि त्याच्या आसवांना अविश्वासाचा डाग लागतो. या गृहीताला शास्त्राचा आधार नाही आणि मराठीतील श्रेष्ठ ख्रिस्ती लेखनाचाही नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम शास्त्राचा विचार करू. पनवेल येथे बेने इस्राएल समाजाचे, १८४९ मध्ये बांधलेले बेथ एल सिनेगॉग आहे. तेथील हिब्रू प्रार्थनेतील स्तोत्रे आणि मराठी चर्चमध्ये ‘स्तोत्रसंहिते’तून वाचली जाणारी स्तोत्रे मुळात एकच. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल यांनी या स्तोत्रांचे प्रकार पाडले, त्यांत विलापस्तोत्रांचा वर्ग फार मोठा आहे. देवाला हाक, त्याच्यापुढे गाऱ्हाणे, मग मागणे आणि बहुधा शेवटी विश्वासाचा उच्चार, अशी त्यांची घडण असते. ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ८८ वे स्तोत्र असे वळण घेतच नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र ग्रंथात आहे. गाऱ्हाणे देवापाशीच केलेले असल्याने ते श्रद्धेबाहेरचे ठरत नाही. विठ्ठलाशी भांडणाऱ्या नामदेव-तुकारामांचे अभंग परिचित असलेल्या मराठी वाचकास हे वेगळे सांगावयास नको. लाजराच्या कबरेपाशी ख्रिस्त स्वतः रडला. थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौलाने आशा नसलेल्यांप्रमाणे शोक करू नका असे सांगितले. शोकच करू नका असे सांगितलेले नाही.

हाच प्रामाणिकपणा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४-३६) आढळतो. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर जो आघात झाला तो मृत्यूहून वेगळा, पण त्याच्याइतकाच जीवघेणा होता. पती हयात असून संसार मोडला होता, आणि या दुःखाला कोणताही संस्कार वा सुतक नव्हते. पुढे सुमारे पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे हा भाग लिहिताना त्या दीर्घकाळ ख्रिस्ती होत्या. ‘तेव्हा मी अज्ञानात होते, म्हणून रडले’ असे लिहिणे त्यांना सहज शक्य होते. धर्मांतराच्या कथनांत असा उत्तरकालीन निवाडा नेहमी आढळतो. लक्ष्मीबाई तो देत नाहीत. मागील दुःख त्या मागील दुःख म्हणूनच राहू देतात. नंतर लाभलेल्या श्रद्धेने त्याची किंमत त्या कमी करीत नाहीत. त्यांच्या विनोदाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. तो दुःखावर पांघरूण घालीत नाही, त्याच्या शेजारी बसतो.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र अकराव्या अध्यायापाशी थांबले होते. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही निवर्तल्या. शेवटचा, शहात्तरावा अध्याय पुत्र देवदत्त टिळक यांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका ग्रंथात अशा दोन मृत्यूंच्या दोन खुणा राहिल्या आहेत. दिवंगताचे अपुरे काम हाती घेणे म्हणजे त्याचे जाणे मान्य करणे. लेखणी आता त्याची नाही, हे प्रत्येक ओवी रचताना स्वीकारावे लागते. अशा शोकाला विस्मरण म्हणता येत नाही आणि हताशपणाही म्हणता येत नाही. ख्रिस्ती आशा येथे उपदेशाच्या रूपाने नव्हे, चालू राहिलेल्या कामाच्या रूपाने दिसते.

म्हणून या कृती शिकविताना ‘लेखिकेला शेवटी सांत्वन लाभले काय?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. शोक कोणाला उद्देशून व्यक्त झाला आहे, आणि सांत्वनाची घाई न करता लेखिका त्याला किती अवकाश देते, हे प्रश्न अधिक फलदायी आहेत. ते विचारू लागल्यास विद्यार्थ्यांस वाङ्मय अधिक नीट कळेल. आणि वर्गात बसलेला एखादा शोकग्रस्त विद्यार्थी आपल्या आसवांसाठी श्रद्धेची क्षमा मागत बसणार नाही.