लहान नुकसान व विम्याचा दावा

गेल्या पौषांत आमच्या मोटारीचा पुढील बंपर बांधाच्या दगडास लागून फुटला. बंपर 3,000 व मजुरी 2,000, असा 5,000 रुपयांचा अंदाज निघाला. विमा आहे, तर दावा कां न करावा, असें घरच्यांचें म्हणणें पडलें. परंतु आमचें आयुष्य जमाबंदीच्या हिशेबांत गेलेलें. आम्हीं आधीं कागद पुढें ओढला.

साध्या विम्यांत प्लास्टिकच्या भागावर निम्मी घट धरतात, 1,500 गेले. आमच्यासारख्या लहान मोटारीस आणखी 1,000 मालकानेंच सोसावयाचे. हातीं येणार 2,500.

उलटपक्षीं, दावा न केल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपुरत्या हप्त्यावर अनुक्रमें शेंकडा 20, 25, 35, 45 व 50 सूट मिळते. एका दाव्यानें ती शून्यावर येते. आमचा हा हप्ता मुळांत 8,000 रुपये व सूट यंदां 50 वर जावयाची. दावा केल्यास पहिल्याच वर्षीं 4,000, आणि हप्ता तोच धरल्यास पांच वर्षांत 10,000 बुडणार. आम्हीं पदरमोड केली.

मात्र खर्च मोठा असल्यास दावा अवश्य करावा. आणि कोणास इजा झाल्यास पोलिसांस व कंपनीस तत्काळ कळवावें. तेथें काटकसर करणें म्हणजे जमीन गहाण टाकण्याची वेळ ओढवून घेणें होय.